डेक, बिबडे आणि मुद्दा क्रमांक सतरा

आमच्या घरामागे बारा फूट बाय दहा फुटांचा एक लाकडी डेक आहे आणि त्यावर मी आजवर एकदाही निवांत बसलेले नाही.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मुख्य लिपिक आहे. नोंदी करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि घरातला छंद, दोन्ही आहे. किराण्याची यादी, इस्त्रीच्या कपड्यांची यादी, प्रवासाला न्यायच्या सामानाची यादी आणि प्रवासातून परत आणायच्या सामानाची यादी (ती वेगळी असते, दिलीपरावांचा एक तरी टॉवेल लॉजवर राहतोच). दिलीपराव म्हणजे माझे यजमान. लग्नात उखाणासुद्धा मी कागदावर लिहून नेला होता, असं ते पाहुण्यांना सांगतात. साफ खोटं आहे. पुठ्ठ्यावर लिहिला होता, कागद घामाने विरघळतो.

अशा बाईला खरं तर स्वप्न पडू नये. पण पडलं.

मागच्या दिवाळीच्या आधी पुण्याला भाचीकडे गेले होते. तिच्या घरामागे बागेत फळ्या जोडून केलेला एक बसका चौथरा होता, जमिनीपासून हातभर उंच. "मावशी, हा आमचा डेक," ती म्हणाली आणि चहाचा कप हातात देऊन आत गेली. मी कडेला बसले. चपला काढल्या, पाय खाली सोडले. फळ्या उन्हाने कोमट झालेल्या होत्या. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आणि तब्बल दहा मिनिटं मला काहीही आठवलं नाही. गॅस बंद केला का, हे नाही. दुधाचं भांडं झाकलं का, हे नाही. डोक्यात एकही यादी नाही. दहा मिनिटांनी भानावर आले तेव्हा मला वाटलं, आपल्याला बहुतेक चक्कर आली होती.

जळगावला परत आले तरी ती चक्कर उतरेना. ऑफिसात प्रवेश अर्ज तपासता तपासता मला आमच्या मागच्या अंगणातला कडुलिंब दिसायला लागला. चैत्र आहे. मोहोर गळतो आहे, अगदी सावकाश, एकेक फूल, जणू झाडालाच झोप आलेली. त्यातलं एक माझ्या चहात पडतं आणि मी ते काढत नाही. होला घुमतोय. ऊन पाण्याच्या टाकीमागे सरकलंय. मी अनवाणी डेकवर बसलेय आणि माझ्या हातात पेन्सिल नाही. (यावरूनच ते स्वप्न होतं हे ओळखावं.)

मग मी नेहमी जे करते तेच केलं. यादी केली. जागेचं माप, लाकूड, सावली, पावसाचं पाणी, वाळवी, वर्षभराच्या देखभालीचं वेळापत्रक. एकूण सोळा मुद्दे झाले आणि सतरावा मी दोन दिवसांनी, दार लावून लिहिला: "१७. अक्कांना बसायला जागा. राहतील?"

माझ्या याद्यांमध्ये प्रश्नचिन्ह नसतं. आयुष्यातलं ते पहिलंच.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धुळे जिल्ह्यात सोनगीरच्या पुढे महामार्ग सोडून आत गेलं की त्यांचं गाव. सासरे गेल्यावर त्या तिथे एकट्याच राहायच्या. दिवाळीत मोरीत पाय घसरून पडल्या आणि गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: जिना चढायचा नाही आणि एकटं राहायचं नाही. दिलीपराव त्यांना घेऊन आले. आल्या त्या दिवशीच अक्कांनी उंबरठ्यातून जाहीर केलं, "आखाजीलोंग राहसू. मंग मी मना गाव."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. म्हणजे अक्कांनी आम्हाला वैशाखापर्यंतची मुदत दिली होती. त्यांनी कपड्यांची निळी पिशवी उघडलीच नाही. लागेल तेवढं एकेक लुगडं वरून काढायचं, धुऊन वाळलं की परत घडी करून पिशवीत. पिशवी पलंगाच्या पायथ्याशी आणि अक्का पलंगाच्या कडेला, एसटीची वाट बघत असल्यासारख्या. गावाला त्यांचा ओटा होता. दिवसभर तिथे चार बाया, शेंगा फोडणं, गप्पा. आमच्या कॉलनीत कुलर लावून सगळी दारं बंद. महिनाभरात अक्कांचं बोलणं "हो", "नही" आणि "भूक नही" एवढ्यावर आलं. दिलीपराव आईशी काही बोलायला जायचे आणि टीव्ही लावून परत यायचे. गावाला परत गेल्या आणि पुन्हा पडल्या तर हाक ऐकायलाही कुणी नव्हतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो. मी निदान लिहिलं.

गुलाब मिस्त्री बैलगाड्या आणि खाटा बनवण्यात पटाईत. मी त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"छप्पर किती उंचीवर, ताई?"

"छप्पर नाही."

"कठडा?"

"नाही."

"मग हे अर्धवट राहिलेलं काम आहे का कोणाचं?"

"मिस्त्री, हे असंच असतं. याला डेक म्हणतात. यावर बसायचं."

"बसायला खाट करून देतो की मी."

फळ्यांमध्ये फट सोडायची म्हटल्यावर तर त्यांनी दिलीपरावांकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी आजारी आहे आणि ते त्यांना सांगितलेलं नाही. हयात गेली होती त्यांची फटी बुजवण्यात. "मुद्दाम फट?" त्यांनी दोनदा विचारलं. मी पावसाचं पाणी, हवा, लाकडाचं फुगणं असे मुद्दे वाचून दाखवले. "किती सोडू?" मापाची पट्टी आत होती, म्हणून मी कानावरची पेन्सिल काढून दिली. "एवढी. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये ही ठेवा आणि मग ठोका."

त्या क्षणी मला फार कर्तबगार वाटलं होतं.

डेक झाला. बाभळीचं लाकूड, पाय असे भक्कम की त्यावर बैलजोडी उभी करावी. मी पहिल्याच संध्याकाळी चहा घेऊन गेले, बसले, स्वप्नाच्या अगदी उंबरठ्यावर होते, आणि कानावरची पेन्सिल घसरली, टप्पा खाल्ला आणि फटीतून खाली गेली. अर्थातच गेली. फट तिच्याच मापाची होती. उरलेली संध्याकाळ मी पोटावर पडून, डोळा फटीला लावून काढली. पुढच्या पंधरा दिवसांत त्याच वाटेने दोन पेन्सिली, केसांच्या सहा पिना, दिलीपरावांची रक्तदाबाची एक गोळी आणि माझ्या चष्म्याचा स्क्रू गेला. डेकखालच्या वस्तूंची मी वेगळी यादी केली. दिलीपराव म्हणाले, "खाली आता एक छोटं ऑफिस उघडता येईल."

आणि अक्का? अक्कांनी मागच्या दारातून डेककडे बघितलं.

"हाई कसाले? पाखरं हाकलाले?"

"नाही अक्का. बसायला. तुमच्या ओट्यासारखं."

"ओटाले असी फट ऱ्हास का?" एवढं बोलून त्या परत पलंगाच्या कडेला. मी मात्र मनातल्या मनात नोंद केली: अक्का आज तीन वाक्यं बोलल्या.

मार्च लागला. एका दुपारी ऑफिसातून आले, दोन कप चहा केला (दुसरा आशेपोटी) आणि मागचं दार उघडलं. डेक लाल झाला होता. कडेपासून कडेपर्यंत मिरच्या पसरलेल्या आणि मधोमध पाटावर अक्का, डोक्यावर पदर, हातात काठी. म्हणजे पाखरं हाकलण्याचंच काम निघालं.

"ऊन चांगलं शे आठे," त्या म्हणाल्या. "गच्चीवर माले चढता येत नही."

मी चहा उभ्यानेच प्यायले. मिरचीची धांस अशी होती की कडुलिंबाचं फूल चहात पडायच्या आधी शिंकलं असतं.

दोन दिवसांनी कुंपणापलीकडून शेजारच्या मंगलाताईंचं डोकं वर आलं. "सुनंदाताई, तुमच्याकडे ते स्टेज बांधलंय ना, जरा आमच्या कुरडया घालू का? गच्चीवर सोलरच्या पाट्या आल्यापासून जागाच नाही हो."

"ते स्टेज नाही, डेक आहे," मी म्हणाले. तोवर अक्कांनी आतून हुकूम दिला होता, "ये माय, ये. लवकर ये, ऊन चाललं."

मग काय. जी कॉलनी बारा वर्षं एकमेकींच्या दाराची फक्त बेल ओळखत होती, ती सकाळी सहाला माझ्या मागच्या अंगणात हजर. कुरडया झाल्या, नागलीचे पापड झाले, आणि मग सुरू झाले बिबडे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: ज्वारी तीन दिवस भिजवून आंबवायची, भरडायची, कोंडा काढायचा; लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून त्याचा घाटा शिजवायचा; ओल्या फडक्यावर पातळ थापून उन्हात लुगड्यावर उलटा करायचा आणि फडकं अलगद सोडवायचं. वाळला की झाला बिबडा. सगळं पहाटे उजाडायच्या सुमाराला करायचं आणि शेवटी उरलेला गरम घाटा कच्चं तेल घालून खायचा. तो खाताना कुणी बोलत नाही. वाटीतून वाफ वर जात असते, वर लिंबाचा मोहोर खाली येत असतो, आणि मधे आठ बायका डोळे मिटून बसलेल्या असतात. मी दारात उभी राहून बघायची. माझंच स्वप्न होतं ते, अगदी हुबेहूब. फक्त त्यात मला बसायला जागा नव्हती.

अक्का आता दिवसभर बोलत. कुणाचं फडकं कोरडं, कुणाचा घाटा पातळ, कुणाच्या सुनेला थापताना बांगड्या आड येतात. पण संध्याकाळी धुतलेलं लुगडं मात्र पुन्हा निळ्या पिशवीत. "बठ्ठासना झायात की शेवटला मना," त्या मंगलाताईंना सांगताना मी ऐकलं. "दोन्ही लेकींसले बिबडा दिसू, आखाजी करसू नि मी मोकयी." सगळ्यांचे झाल्यावर शेवटी करायचे, धुळ्याच्या आणि शिरपूरच्या नणंदांना द्यायचे बिबडे म्हणजे अक्कांच्या निघायच्या तयारीतलं शेवटचं काम होतं. ते सोमवारी ठरलं. आखाजी त्याच आठवड्यात, बुधवारी.

कोणत्या दिवशी कुणाचे बिबडे, याचं वेळापत्रक अर्थातच मी फ्रिजवर लावलेलं होतं. त्यात त्या आठवड्यात फक्त रविवार रिकामा होता. आणि देखभालीच्या यादीत "उन्हाळ्यात डेकला तेल" हे काम तीन आठवडे लोंबकळत होतं. हार्डवेअरवाल्याने सांगितलं होतं, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, भरपूर लावा, पूर्ण दिवस त्यावर काही ठेवू नका. शनिवारी ऊन उतरल्यावर मी गुडघ्यांवर बसून एकेक फळी तेलाने न्हाऊ घातली. रविवारी जिरेल, सोमवारी अक्कांना लखलखीत डेक. मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली: "तेल लावले आहे. रविवारी वापरू नये." ती डेकच्या मधोमध ठेवली, उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला आणि हात धुतले.

तोंडी का नाही सांगितलं? हा प्रश्न मला नंतर दिलीपरावांनी विचारला, मंगलाताईंनी विचारला, धुळ्याहून फोनवर नणंदेने विचारला. कारण माझं ठाम मत आहे की तोंडी सांगितलेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं.

त्या रात्री इतकी दमले होते की गजर लावायचा राहिला. पहाटे मला फार सुंदर स्वप्न पडलं. मी डेकवर आडवी पडलेय, लाकूड मधासारखं पिवळं झालंय, बाजूने बायकांची हलकी कुजबुज येतेय, लसणाचा वास येतोय, कुणीतरी थप, थप, थप असं मला थोपटतंय. इतकं गाढ सुख मला लहानपणानंतर मिळालं नव्हतं. मी कूस बदलून अजून तासभर झोपले.

ती थपथप बिबड्यांची होती.

त्याचं असं झालं, की उष्णतेने अक्कांची ज्वारी एक दिवस आधीच आंबली. ज्वारीला फ्रिजवरचं वेळापत्रक वाचता येत नाही. अक्कांनी आदल्या संध्याकाळीच मंगलाताईंना सांगून ठेवलं (तोंडी, आणि ते राहिलं), आणि पहाटेच्या अंधुक उजेडात सगळ्या जमल्या. लुगडी अंथरली. वाऱ्याने कोपरा उडत होता, म्हणून अक्कांनी समोर दिसलेला दगड उचलून कोपऱ्यावर ठेवला. दगडाखालची चिठ्ठी घसरली आणि पेन्सिलीच्या मापाच्या फटीतून सरळ खाली गेली, माझ्या बाकीच्या ऑफिसात. तेलाचा वास? परातभर घाट्याच्या लसूण-मिरचीपुढे टर्पेंटाइनची काय बिशाद.

मी मागच्या दारात आले तेव्हा ऊन चढलं होतं. शंभरावर बिबडे ओळीने पडलेले. पातळ, गोल, सुबक. आणि प्रत्येकावर पिवळे पट्टे. फळी तिथे पट्टा, फट तिथे पांढरं. तापलेलं लाकूड तेल वर सोडत होतं, लुगडी ते पीत होती आणि बिबडे लुगड्यांकडून घेत होते. मी पाहत असताना एक कावळा आला, एक बिबडा चोचीत धरला, दोन पावलं गेला आणि परत जागेवर आणून ठेवून गेला.

"अक्का," मी म्हणाले. "चिठ्ठी ठेवली होती."

अक्कांनी एक बिबडा उचलला, वास घेतला. मग एक कोपरा मोडून तोंडात टाकला. मला वाटलं, झालं. आता बुधवारपर्यंत थांबायचं कारणही उरलं नाही. आजच पिशवी उचलतील, दिलीपराव गाडी काढतील आणि सतराव्या मुद्द्यापुढे मी फुली मारीन.

अक्कांनी घास थुंकला. माझ्याकडे पाहिलं, डेककडे पाहिलं.

"इनी लाकूडले तेल पाजं," त्या मंगलाताईंना म्हणाल्या.

आणि हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडावर गेला, मग त्या पाटावरून कलंडायला आल्या आणि दोघींनी त्यांना धरलं. सासरे गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आवाज ऐकून दिलीपराव दाढीचा साबण तोंडावर घेऊन धावत आले आणि आईला हसताना बघून दारातच थांबले. त्यांच्या डोळ्यांत साबण गेला असावा.

"काय झालं, अक्का?"

"तुनी बाईले कागद समजस, ज्वारी नही समजस." अक्कांनी डोळे पुसले. "आते परत ज्वारी भिजाडनी पडी."

"पण आखाजी बुधवारी आहे," मी म्हणाले. तारखांच्या बाबतीत मला गप्प बसता येत नाही. "तीन दिवस भिजायला. मग बिबडे आखाजीनंतरच होतील."

"व्हतीन तव्हय व्हतीन." त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं गुलाब मिस्त्रींनी दिलीपरावांकडे पाहिलं होतं. "घरमा एवढी नोकरीवाली बाई, नि इले वाळवण माहीत नही. मी गई त हाई घर कोन दखी?"

मंगलाताईंनी फक्त विचारलं, "पण अक्का, लुगडी तर सगळी तेलात गेली. परत अंथरायचं काय?"

अक्का उठल्या. भिंतीला धरत आत गेल्या आणि निळी पिशवी घेऊन आल्या. मला वाटलं, हसून झालं, आता निघाल्या. त्यांनी पिशवी डेकच्या कडेला उपडी केली. सगळी लुगडी बाहेर पडली, अगदी तळाशी गावाला जाताना नेसायचं म्हणून जपलेलं हिरवंसुद्धा.

"ही धुई काढ," त्या मला म्हणाल्या. "मऊ शेत." म्हणजे मऊ आहेत, बिबड्यांखाली अंथरायला.

आखाजीला दोन्ही नणंदा आल्या. लिंबाला झोका बांधला. गाणी म्हणता म्हणता त्यांचे पाय डेकवरून सरकत जायचे, मोहोर त्यांच्या केसांत पडायचा, आणि अक्का मधोमध पाटावर बसून आल्यागेल्या प्रत्येकाला माझ्या पट्ट्यांच्या बिबड्यांची गोष्ट सांगायच्या. प्रत्येक वेळी त्यात माझ्या झोपेचा एक तास वाढायचा. आता कॉलनीत मी "तेलवाल्या सुनंदाताई" आहे. महाविद्यालयातली माझी वर्षानुवर्षांची बिनचूक दप्तरं कुणाच्या लक्षात नाहीत. दुसऱ्या खेपेचे बिबडे उत्तम झाले. त्यानंतर अक्कांना आठवलं की सांडगे राहिलेत. मग लोणचं. निळ्या पिशवीत आता कपडे वाळत घालायचे चिमटे असतात.

परवा संध्याकाळी डेक चक्क रिकामा होता. मी चहा घेतला, यादी घेतली आणि कडेला बसले. ऊन टाकीमागे सरकलं होतं. होला घुमत होता. सतरावा मुद्दा काढला. इतक्या वर्षांत माझ्या यादीतलं हे एकमेव काम, जे मी बिघडवल्यामुळे पार पडलं. म्हटलं, निदान ते प्रश्नचिन्ह तरी खोडावं. खोडरबराची बाजू खाली करायला पेन्सिल बोटांत फिरवली, आणि ती निसटली.

टप्पा. फट.

आतून अक्कांचा आवाज आला, "आते काय पाडं व?"

"काही नाही, अक्का," मी म्हणाले आणि चहा बाजूला ठेवून पोटावर आडवी झाले.